मुलगा जेलमधून घरी येतोय, पहिले दिवस कसे काढायचे?

लष्करवाली (ग्वाल्हेर)
९ नोव्हेंबर, रात्री ११.४०

एरवी मी पाककृतींच्या धाग्यांवर असते, बरेचजण मला तिथूनच ओळखतात. म्हणूनच हे लिहायला तीन रात्री लागल्या.

माझा मुलगा एकतीस वर्षांचा आहे. बाविसाव्या वर्षी पहिल्यांदा काहीतरी बिनसल्यासारखं वाटलं, स्किझोफ्रेनियाचं निदान पंचविसाव्या वर्षी झालं. मधली तीन वर्षं आम्ही अभ्यासाचा ताण, संगत, नजर असं काहीबाही म्हणत घालवली. औषधं सुरू झाल्यावर चार वर्षं चांगली गेली. दुसऱ्या एका शहरात नोकरीही लागली. तिथे त्याने गोळ्या बंद केल्या आणि आम्हांला कळलं नाही. यंदा होळीच्या आदल्या दिवशी त्याच्या मनाने घेतलं की समोरचा दुकानदार पाण्यात काही कालवतो. सळईने दुकानाची काच फोडली, दुकानदाराच्या हाताचं हाड मोडलं. त्याच रात्री अटक. तेव्हापासून तो त्या शहरातल्या जेलमध्ये आहे.

आता जमानत मंजूर झाली आहे, येत्या गुरुवार-शुक्रवारी सुटेल. खटला चालूच राहणार.

महिन्यातून दोनदा मुलाखतीला जायचो. पहिले दोन महिने त्याला गोळ्या मिळाल्या की नाहीत हे आम्हांला अजून धड कळलेलं नाही. मग जेलच्या डॉक्टरांनी बघितलं, औषध सुरू झालं, आणि जूनमध्ये त्याने पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. "आई, त्या माणसाचा हात बरा झाला का?" हे त्याचं पहिलं वाक्य.

आनंद झालाय आणि पोटात गोळाही आलाय. हे काही बोलत नाहीत, गच्चीवर जाऊन उभे राहतात. मुलगी घरातच आहे, परीक्षेची तयारी करते, ती जरा घाबरली आहे. मी शाळेत शिकवते, तीन महिन्यांची बिनपगारी रजा टाकायचा विचार आहे. औषधांचं काय करू, त्याची खोली कशी ठेवू, वाड्यातल्या लोकांना काय सांगू? ज्यांनी हे बघितलंय त्यांनी लिहा. देवावर सोडा एवढंच लिहायचं असेल तर कृपया लिहू नका, ते मी रोज करतेच.


विश्वामित्रीकाठ (वडोदरा)
१० नोव्हेंबर, सकाळी ६.१५

लष्करवालीताई, मी मनोरुग्ण विभागात सत्तावीस वर्षं सिस्टर होते, आता निवृत्त. आधी औषधांचं सांगते, बाकी सगळं त्यानंतर.

सुटका बहुतेक वेळा संध्याकाळी होते. हुकूम कोर्टातून जेलमध्ये पोचेपर्यंत दिवस मावळतो. माणूस बाहेर येतो तेव्हा जेलचा दवाखाना बंद झालेला असतो आणि त्याच्या हातात कपड्यांची पिशवी सोडून काही नसतं. दुसरा दिवस प्रवासात जातो, तिसरा रविवार निघतो. अशी तीन-चार दिवसांची खोट मी कितीदा तरी बघितली आहे.

म्हणून आजच जेल अधीक्षक आणि जेलचे डॉक्टर यांच्या नावाने साधा अर्ज लिहा. त्यात चार गोष्टी मागा: निदान काय लिहिलंय, सध्या कोणतं औषध किती मिलिग्रॅम आणि कोणत्या वेळी, इंजेक्शन चालू असेल तर शेवटचं कधी दिलं, आणि रक्ततपासणीचे कागद. इंजेक्शनची तारीख नक्की घ्या. हॅलोपेरिडॉलचं डेपो इंजेक्शन, म्हणजे शरीरात हळूहळू उतरणारं, साधारण चार आठवड्यांनी असतं. तारीख माहीत नसेल तर इथला डॉक्टर अंदाजाने चालणार.

क्लोझापिन असेल तर जास्त सावध. ते सलग ४८ तासांपेक्षा जास्त चुकलं तर पूर्वीच्याच डोसने पुन्हा सुरू करायचं नसतं, साडेबारा मिलिग्रॅमपासून चढावं लागतं. आया मायेपोटी राहिलेल्या गोळ्या एकदम देतात आणि मुलगा चक्कर येऊन पडतो. रक्तातल्या पांढऱ्या पेशीही बघाव्या लागतात, सुरुवातीचे १८ आठवडे दर आठवड्याला.

आणखी एक लिहिते, घाबरवायला नाही. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात सुटलेल्या कैद्यांचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत मृत्यूचा धोका इतर लोकांपेक्षा १२.७ पट निघाला, आणि त्यात सगळ्यांत मोठं कारण नशेच्या औषधांचा जादा डोस. आपल्याकडची परिस्थिती वेगळी आहे, तुमचा मुलगाही त्या वाटेचा नसेल. तरी घरातल्या सगळ्या गोळ्या, यजमानांच्या बीपीच्या धरून, पहिला महिना कुलपात ठेवा. आणि सुटकेच्या तारखेनंतरच्या दोन दिवसांतली डॉक्टरची वेळ आत्ताच घेऊन ठेवा.


कान्हकाठची वकील (इंदूर)
१० नोव्हेंबर, सकाळी १०.०५

काकू, जमानतीच्या हुकुमाची प्रत हातात घेऊन एकेक अट वाचा. "कोर्टाच्या परवानगीशिवाय जिल्हा सोडायचा नाही" अशी अट असली तर त्याला ग्वाल्हेरला आणणंच अटीचा भंग ठरेल. असेल तर वकिलांना सांगून आधी परवानगी घ्या आणि तुमचा पत्ता रेकॉर्डवर चढवा. पोलीस थान्यात हजेरीची अट असेल तर ती ग्वाल्हेरच्या थान्यात देता येईल का, तेही अर्जात मागता येतं.

पेशीच्या, म्हणजे कोर्टातल्या तारखेच्या, दिवशी त्याची तब्येत बिघडली तर घरी बसून राहू नका. वकिलांमार्फत त्या दिवसाची हाजिरी-माफी मागायची, सोबत डॉक्टरचा कागद. आजारी मुलांवर वॉरंट निघतात त्यांतले कितीतरी निव्वळ न कळवल्यामुळे निघतात.

दुकानदाराकडे जाऊ नका. तुम्हांला माफी मागावीशी वाटेल, मुलालाही वाटेल, त्याने जूनमध्येच विचारलंय. पण तक्रारदाराला भेटणं हे साक्षीदारावर दबाव टाकणं समजलं जाऊ शकतं आणि जमानत रद्द होऊ शकते. उपचाराचा खर्च द्यायची इच्छा असेल तर ती वकिलामार्फत, कोर्टासमोर मांडा.

आता एक कागद जो फारसं कुणी करत नाही. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७, त्याचं कलम १४. मुलगा शुद्धीत असताना साध्या कागदावर लिहून, सही करून आपला नामनिर्देशित प्रतिनिधी नेमू शकतो. तुम्हांला नेमलं तर पुढे कधी तो स्वतः ठरवू शकला नाही, तेव्हा दाखल करण्याचा अर्ज, माहिती घेणं, डिस्चार्जची चर्चा हे सगळं तुम्हांला हक्काने करता येतं. कलम ५ प्रमाणे त्याला आगाऊ निर्देशही लिहिता येतात, म्हणजे आजार उसळला तर माझ्यावर कसे उपचार करा आणि कसे करू नका. हे त्याच्याकडून वदवून घ्यायचे कागद नाहीत, त्याचे स्वतःचे आहेत. घरी आल्यावर निवांत लिहा.

वकिलाची फी झेपत नसेल तर १९८७ च्या विधि सेवा कायद्याप्रमाणे कोठडीतल्या आणि अपंगत्व असलेल्या माणसाला मोफत वकील मिळतो. राष्ट्रीय क्रमांक १५१००.


शिंदे की छावणी (ग्वाल्हेर)
१० नोव्हेंबर, दुपारी १.३०

वहिनी, मी तुमच्यापेक्षा वयाने मोठा आहे म्हणून सांगतो. मुलगा घरी आला की एखादी गरीब घरची, समजूतदार मुलगी बघून दोनाचे चार करून टाका. जबाबदारी आली की माणूस ठिकाणावर येतो. आमच्या नात्यात असं झालेलं आहे.


कान्हकाठची वकील (इंदूर)
१० नोव्हेंबर, दुपारी २.१०

काका, तुमची कळकळ समजते, पण मी या सल्ल्याचा शेवट कोर्टात बघते. आजार लपवून केलेलं लग्न १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याखाली रद्द होऊ शकतं. आणि त्या गरीब घरच्या मुलीला कुणी विचारलंय? तिला औषधासारखं वापरायचं का? मुलगा बरा राहिला, त्याला स्वतःला लग्न करावंसं वाटलं, आणि मुलीला सगळं सांगितल्यावर ती हो म्हणाली तर जरूर करावं. पहिल्या महिन्यात हा विषय घरात नकोच.


धाकटी (पुणे, माहेर इंदूर)
१० नोव्हेंबर, रात्री १२.२०

मावशी, तुमच्या एवढ्या मोठ्या पोस्टमध्ये मुलीबद्दल एक ओळ आहे. "ती जरा घाबरली आहे." मी ती ओळ पाच वेळा वाचली.

माझा दादा सात वर्षांपूर्वी असाच सुटून आला. आई-बाबांनी त्याच्या खोलीला रंग दिला, नवीन गादी आणली. माझ्या खोलीच्या दाराला आतून कडी नव्हती. ती बसवून द्या म्हटलं तर बाबा म्हणाले, "त्याला काय वाटेल?" मी दीड महिना दाराला खुर्ची लावून झोपले. तो आत जायच्या आधी त्याने मला ढकललं होतं, कपाळावर चार टाके आहेत. घरात त्या टाक्यांचा विषय कुणी काढत नसे, कारण दादा आजारी होता. दादा आजारी होता हे मला आई-बाबांइतकंच माहीत होतं. त्याला पहिल्यांदा डॉक्टरकडे मीच नेलं होतं.

मग माझ्यावर पहारा आला. "तू आहेस ना घरी, गोळी घेतली का बघ." "तू सोबत जा." त्याने गोळी थुंकली तर मी लक्ष का दिलं नाही. आणि मोठ्यांच्या बोलण्यात गृहीतच होतं की आमच्यानंतर दादा धाकटीकडे. मला कुणी एकदाही विचारलं नाही. मी पुण्याला नोकरी घेतली ती पगारासाठी घेतली असं आई अजून सगळ्यांना सांगते.

दादा आता बरा आहे. आमचं दर रविवारी बोलणं होतं, मागच्या वर्षी त्याने स्वतःहून टाक्यांबद्दल विचारलं. त्या दिवशी मला जे मिळालं ते आई-बाबा सात वर्षं देऊ शकले असते.

तुमच्या मुलीच्या दाराला कडी बसवा. तो यायच्या आधी. तिला मावशीकडे, मैत्रिणीकडे राहून अभ्यास करायचा असेल तर जाऊ द्या, आणि ती पळून गेली असं कुणालाही म्हणू देऊ नका. औषधाचा पहारा तिच्यावर टाकू नका. आणि तिला समोर बसवून विचारा की तुला कशाची भीती वाटते. उत्तर ऐकून लगेच समजूत घालू नका.


लष्करवाली (ग्वाल्हेर)
११ नोव्हेंबर, सकाळी ७.५०

धाकटे, तुझं वाचून मी रात्री मुलीच्या खोलीत गेले. ती जागीच होती. तिने बॅग भरून पलंगाखाली ठेवली होती, चार दिवसांपासून. मला माहीत नव्हतं.

सुतार आज अकराला येतोय.


बाहेर आलेला
११ नोव्हेंबर, दुपारी ४.००

काकू, मी दुसऱ्या बाजूने लिहितोय. बायपोलर आहे, म्हणजे मनःस्थिती टोकाला जाण्याचा आजार. चौदा महिने आत होतो. गाव सांगत नाही.

गेटवर दहाजण नकोत. आई आणि वडील पुरेत. वडील बोलत नसतील तर नाही बोलले तरी चालेल, पण येऊ द्या. माझे आले नव्हते.

आत रात्रभर दिवा चालू असतो. घरी पहिल्या रात्री आईने प्रेमाने सगळं अंधारं करून दिलं आणि मी पहाटेपर्यंत भिंतीला टेकून बसलो. बाहेरचा एक दिवा राहू द्या. जमिनीवर झोपला तर झोपू द्या, पलंग पळून जात नाही. कुठे जायचं झालं तर तो तुम्हांला विचारेल, बाथरूमला जाण्यासाठीसुद्धा. "हो, जा की" एवढंच म्हणा. डोळ्यांत पाणी आणू नका, आणलंत तर दुसऱ्या वेळी तो विचारणार नाही आणि जाणारही नाही.

काय खाशील, असं विचारू नका. मला उत्तर सुचायचं नाही, आत कुणी विचारत नाही. पोहे की थालीपीठ, असं विचारा. ते जमतं.

जेवण पटापट संपवेल. पोळी खिशात ठेवेल. उशीखाली सापडली तर तशीच राहू द्या, काही आठवड्यांनी थांबतं.

आत काय झालं हे विचारू नका. मी माझ्या आईला चौथ्या महिन्यात सांगितलं, आम्ही मेथी निवडत होतो. ती निवडत राहिली म्हणून मी सांगू शकलो.

गोळ्यांबद्दल: आत माझ्या तोंडात बोट घालून तपासायचे. ते वेगळं. घरी आईने डबी दिली, सात कप्प्यांची, आणि म्हणाली रविवारी आपण दोघं मिळून भरू. अजून तसंच करतो.


विश्वामित्रीकाठ (वडोदरा)
११ नोव्हेंबर, रात्री ९.३०

वरचा प्रतिसाद मी जपून ठेवला. बाळा, लिहीत राहा.

लष्करवालीताई, रजेबद्दल. तीन महिने पूर्ण रजा टाकू नका असं माझं स्पष्ट मत आहे. लंडनमध्ये जॉर्ज ब्राऊन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इस्पितळातून घरी गेलेल्या स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांवर काम केलं, ते १९७२ मध्ये छापून आलं. ज्या घरांत सतत टीका होती, राग होता, किंवा आईवडील पार गुंतून गेले होते, तिथे आजार जास्त उलटला. आणि तशा घरात आठवड्याला ३५ तासांहून जास्त वेळ समोरासमोर काढणाऱ्यांना जास्त त्रास झाला. पुढे चंदीगडला तसाच अभ्यास झाला तेव्हा आपल्याकडच्या घरांत टीका बरीच कमी आढळली, म्हणजे आपलं काहीतरी बरं चाललंय. पण गुंतणं मात्र आपल्याला फार सोपं जातं. दिवसभर मुलाच्या चेहऱ्याकडे बघत बसणारी आई मला वॉर्डात रोज भेटायची. त्याला जांभई आली तरी ती दचकायची.

पंधरा दिवस रजा घ्या. मग शाळेत जा. त्यालाही कळू द्या की आईला स्वतःचं काम आहे.

गोळ्या कुटून भाजीत घालायचं मनातही आणू नका. कळतंच. आणि ज्याला पाण्यात कुणी काही कालवतं असं वाटलं होतं, त्याच्या भाजीत तुम्ही खरंच कालवलंत तर पुढे कशाच्या जोरावर बोलाल?


लष्करवाली (ग्वाल्हेर)
१६ नोव्हेंबर, दुपारी ३.१५

आला. परवा संध्याकाळी साडेसातला बाहेर आला, अगदी ताईंनी लिहिलं तसंच. अर्जामुळे दहा दिवसांच्या गोळ्या आणि उपचाराचा कागद हातात मिळाला. जिल्हा सोडायची अट खरोखरच होती, वकिलांनी आदल्या दिवशी परवानगी घेतली. हा धागा काढला नसता तर तो आल्या आल्याच अटीचा भंग झाला असता.

हे आले होते. गेटवर काही बोलले नाहीत. गाडीत त्यांनी स्वतःचा स्वेटर काढून त्याला घातला.

काल आमच्या मानसिक आरोग्यशाळेत नेलं. ती सेंट्रल जेल रोडवर आहे. लहानपणी आम्ही मुलं भांडताना "तुला जेल रोडला पाठवतील" म्हणायचो, ते आठवून रिक्षात मान खाली गेली. त्याने रस्त्याची पाटी वाचली आणि माझा हात धरला. मी म्हटलं, "इथून आपण तासाभरात घरी जाणार." डॉक्टरांनी त्याच्याशी आधी बोलून घेतलं, मग माझ्याशी. त्याच्यासमोर.

वाड्यात एक वाक्य ठरवलं होतं: "तो आजारी होता, उपचार चालू आहेत, आता घरी राहणार आहे." वरच्या काकूंनी जेलबद्दल विचारलंच. मी तेच वाक्य पुन्हा म्हटलं. दोन घरांना मात्र सगळं खरं सांगितलं, रात्री अपरात्री मदत लागली तर जातील अशी दोन.

मुलगी माझ्या बहिणीकडे दौलतगंजला आहे. रोज संध्याकाळी येते, तासभर बसते, जाते.


दोन मुलांची आई (इंदूर)
१७ नोव्हेंबर, सकाळी ११.००

माझ्याही मुलाचं असंच आहे, तो अजून आत आहे. आजार पुन्हा उसळला आणि पोलिसांना बोलवायची वेळ आली तर ते परत जेलमध्येच नेतील ना? या भीतीने आम्ही मागच्या वेळी कुणालाच बोलावलं नाही.


कान्हकाठची वकील (इंदूर)
१७ नोव्हेंबर, दुपारी १२.४०

ताई, २०१७ च्या कायद्याचं कलम १०० पोलिसांसाठीच आहे. मानसिक आजारामुळे स्वतःला किंवा इतरांना धोका आहे असं वाटल्यास पोलिसांनी माणसाला संरक्षणात घेऊन २४ तासांच्या आत जवळच्या सरकारी आरोग्यसंस्थेत तपासणीला न्यायचं असतं. अशा माणसाला लॉकअपमध्ये किंवा जेलमध्ये ठेवायचं नाही असं त्यात स्पष्ट लिहिलंय. नवीन गुन्हा घडला तर गोष्ट वेगळी होते, म्हणून तितकं होईपर्यंत वाट बघू नका. फोन करताना "माझा मुलगा मानसिक रुग्ण आहे, उपचार चालू आहेत, इस्पितळात न्यायचं आहे" हे आधी सांगा. उपचाराच्या कागदाची झेरॉक्स दाराजवळ ठेवा.

गुन्हा न केलेल्या मनोरुग्णांना जेलमध्ये ठेवणं बेकायदेशीर आहे हे सुप्रीम कोर्टाने १९९३ मध्येच सांगितलंय. आणि मुलगा आत असेल तर कलम १०३ सांगतं की मानसिक आजार असलेल्या कैद्याला जेलच्या वैद्यकीय विभागातल्या मनोरुग्ण वॉर्डात किंवा सरकारच्या मानसिक आरोग्यसंस्थेत हलवता येतं. अर्जात हे कलम लिहा.

पोलिसांपर्यंत न जाता आधी बोलायचं असेल तर टेली-मानस, ही सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, १४४१६. दिवसरात्र चालतं, फुकट आहे. घरच्यांनीही फोन करायला हरकत नाही.


लष्करवाली (ग्वाल्हेर)
२१ डिसेंबर, रात्री १०.१०

बऱ्याच जणांनी विचारपूस केली म्हणून लिहिते.

तिसऱ्या आठवड्यात बिघडलं होतं. दोन रात्री झोप नाही, खिडक्या लावून घेतल्या, घरचं पाणी पिईना. बाटलीबंद पाणी हवं म्हणाला. पूर्वीची मी असते तर "अरे, मी पिते ना हे पाणी" म्हणून तासभर वाद घातला असता. यांनी न बोलता दोन बाटल्या आणून समोर ठेवल्या. सकाळी तो स्वतः म्हणाला, डॉक्टरकडे जाऊ. डोस वाढवला, चार दिवसांत झोप लागली. मग आम्ही कागद लिहायला बसलो. त्याच्या अक्षरात आहे: झोप दोन रात्री गेली तर मला विचारायचं. बाटलीचं पाणी मागितलं तर डॉक्टरला फोन करायचा. मला बांधायचं नाही. बहिणीला रात्री हाक मारायची नाही. प्रतिनिधी म्हणून त्याने माझं नाव लिहिलं, आणि माझ्यानंतर कोण ते मोकळं ठेवलं. मी त्याच्या बहिणीचं नाव सुचवलं नाही. धाकटे, तुझ्यामुळे.

मुलगी गेल्या रविवारी परत आली. कडी लावून झोपते. त्यानेच सकाळी बाहेरून विचारलं, "चहा ठेवू का?"

मी १ डिसेंबरपासून शाळेत जाते. तो सकाळी यांच्याबरोबर बाड्याच्या चौकापर्यंत चालून येतो, थंडी फार आहे, तरी जातात. दोघं काय बोलतात माहीत नाही. बहुधा काहीच नाही.

अपंगत्वाच्या स्वावलंबन कार्डासाठी अर्ज केलाय. २०१६ च्या कायद्यात मानसिक आजार धरलेला आहे, बऱ्याच सवलतींना चाळीस टक्क्यांची अट आहे, तपासणीची तारीख यायची आहे. तो आधी नको म्हणत होता. कार्डावर काय लिहिलेलं असेल ते वाचून मग ठरवीन म्हणाला, ते मला पटलं.

आता एक अडचण. पुढची पेशी १६ जानेवारीला सकाळी आहे. मागच्या पेशीला रात्रीच्या गाडीने गेलो, त्याला स्लीपरच्या डब्यात अजिबात झोप लागली नाही आणि कोर्टात तो उभ्याउभ्या थरथरत होता. या वेळी आदल्या दिवशी दिवसाच्या गाडीने जाऊन रात्री कुठे तरी थांबायचं आहे. ज्या शहरात जायचंय त्याचं नाव इथे लिहीत नाही, निरोपातून सांगते. तिथे कोर्टाच्या जवळ एखादी साधी, शांत धर्मशाळा कुणाच्या माहितीत असेल, जिथे खोलीत रात्री दिवा चालू ठेवला तर कुणी हरकत घेणार नाही, तर कळवा.